विजेच्या गिटारचे पोट उघडताना

दोन वर्षांपूर्वी बारावीचा एक विद्यार्थी खांद्याला लांबट पिशवी अडकवून आमच्या प्रयोगशाळेत आला. पिशवीत हातबदल झालेली विजेची गिटार होती. "सर, ही सारखी गुणगुणते. दुकानदार म्हणतो, पिकअप बदलावे लागतील. तेवढ्या पैशांत दुसरी जुनी गिटार येईल. काय करू?" मला गिटार वाजवता येत नाही. पण हे वाद्य जितके संगीताचे, तितकेच भौतिकीचेही आहे, म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर मागवला.

आधी हे वाद्य बोलते कसे ते पाहू. साध्या गिटारचे पोट पोकळ असते. तारेचे कंपन घोडीतून लाकडाला व लाकडातून हवेला मिळते. एवढ्या आवाजाचा निभाव मोठ्या वाद्यवृंदात लागत नसे. यावर अमेरिकेत जॉर्ज बोशाँ व अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी उपाय काढला. त्यांची ॲल्युमिनियमची गिटार १९३२ साली बाजारात आली. गोल अंग व लांब दांडी यामुळे लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणू लागले. पोट भरीव असले तरी चालेल, हे तिने दाखवून दिले, कारण आवाज पोटातून यायचाच नव्हता.

सोनोमीटरचा एक प्रयोग महाविद्यालयात करतात. तारेतून घरगुती प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह सोडायचा, मध्यभागी नालचुंबक ठेवायचा आणि तारेची लांबी बदलत जायचे. योग्य लांबीला तार थरथरू लागते व तिच्यावर ठेवलेला कागदाचा कपटा उडून पडतो. विजेची गिटार म्हणजे थोड्या फरकाने याचाच उलटा प्रयोग. येथे तारेत वीज सोडायची नसते. तारेखालच्या चुंबकामुळे पोलादी तार स्वतःच चुंबकित होते. ती हलली की चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत बदलतो, आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे वेटोळ्यात विद्युत्दाब प्रेरित होतो. तार सेकंदाला ११० वेळा कंप पावली तर हा दाबही ११० वेळा मागेपुढे होतो. प्रवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, त्याला मोठे करतो. चुंबक व वेटोळे यांच्या या जोडीलाच पिकअप म्हणतात. पितळी किंवा नायलॉनची तार लावली, तर पिकअप मुका राहतो.

त्या मुलाच्या गिटारमध्ये तीन पिकअप होते. फेंडर कंपनीने १९५४ साली आणलेल्या 'स्ट्रॅटोकॅस्टर'चीच ती नक्कल होती. अशा एका पिकअपमध्ये केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे असतात. उलगडली तर ही तार एक किलोमीटरहून जास्त भरेल! इतके वेढे असलेले वेटोळे गिटारच्या तारेचे ऐकते, तसेच भिंतीतल्या वायरिंगचे आणि ट्रान्सफॉर्मरचेही ऐकते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. थोडी गुणगुण हा अशा पिकअपचा स्वभावच आहे, दोष नव्हे.

यावरचा उपाय मला फार आवडतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५५ साली अर्ज केला आणि १९५९ साली ते मिळाले. दोन वेटोळी शेजारीशेजारी ठेवायची. दुसऱ्याची गुंडाळी उलटी आणि त्याचा चुंबकही उलटा. बाहेरची गुणगुण चुंबकाला विचारत नाही, ती फक्त गुंडाळीची दिशा पाहते. म्हणून पहिल्यात ती +१ तर दुसऱ्यात −१, बेरीज शून्य. तारेच्या संदेशाला मात्र दोन्ही गोष्टी लागू होतात. पहिल्यात (+१)×(+१) आणि दुसऱ्यात (−१)×(−१), बेरीज दोन. गणिताच्या तासाला 'ऋण गुणिले ऋण धन' हे निमूटपणे पाठ केलेल्यांनी हा पिकअप एकदा अवश्य ऐकावा.

पण आमच्या रुग्णाचे दुखणे वेगळे होते. वाजवणाऱ्याचे शरीर आजूबाजूच्या वायरिंगमुळे लहानशा एरियलसारखे वागते. गिटारच्या तारा घोडीमागच्या एका वायरने प्रवर्धकाच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. म्हणून तारांना हात लावताच शरीरही जमिनीच्या विभवाला येते आणि गुणगुण कमी होते. जुनी गिटार घेताना ही परीक्षा जरूर करावी. येथे हात लावूनही काही फरक पडेना. झाकण उघडले, तर घोडीची वायर सुटून लोंबत होती. सोल्डरचा एक डाग दिला, काम झाले.

मग मुलगा सहज म्हणाला, "सर, घरी वाजवताना कधीकधी बोटांना झिणझिण्या येत. ते पिकअपमुळे का?" मी त्याला प्रवर्धक घेऊन यायला सांगितले. त्याच्या थ्री-पिन प्लगची जाड पिन कोणीतरी कापून टाकली होती, जुन्या दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून! आता तारा नीट जोडल्या गेल्या होत्या, पण अर्थिंग नसलेल्या खोक्याशी. प्रवर्धकात बिघाड होऊन त्या खोक्यात वीज उतरती, तर ती थेट तारांवर आली असती. म्हणजे माझ्या दुरुस्तीने धोका वाढलाच होता. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच मरण पावला. हातात गिटार असताना त्याने अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावला होता. आम्ही प्लग बदलला आणि घरचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय वाजवायचे नाही, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले. गिटारच्या पोटात अगदी क्षीण विद्युत्दाब असतो. केबल काढून ती खुशाल उघडा. प्रवर्धक मात्र उघडू नका. विशेषतः निर्वात नळ्यांच्या प्रवर्धकात, प्लग काढल्यावरही, धारित्रांत शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असतात.

त्याच गिटारची आणखी एक खोड होती. जाड तार वरच्या पडद्यांवर दाबली की एकाच वेळी दोन स्वर भांडल्यासारखे ऐकू येत. पिकअप तारेच्या फार जवळ आणलेला होता. चुंबक तारेला खाली ओढतो, आणि तार जितकी जवळ येईल तितका जास्त ओढतो. त्यामुळे वरखाली होणाऱ्या कंपनाची वारंवारता आडव्या कंपनापेक्षा किंचित कमी होते आणि दोहोंचे विस्पंद ऐकू येतात. दोन स्क्रू फिरवून पिकअप थोडा खाली घेतला. खर्च शून्य.

पिकअपची जागाही महत्त्वाची. तारेच्या चतुर्थांश लांबीवर पिकअप असेल, तर तेथे चौथ्या संनादीचा निस्पंद बिंदू येतो, म्हणून ती संनादी जवळजवळ ऐकूच येत नाही. घोडीजवळच्या पिकअपला मूलस्वर कमी आणि वरच्या संनादी तुलनेने जास्त मिळतात, म्हणून त्याचा आवाज तिखट. काही जण निस्पंद बिंदूच्या या जागेचे फार माहात्म्य सांगतात. पण पडद्यावर बोट ठेवताच तारेची लांबी बदलते आणि तो बिंदू तेथून सरकतो, हे ते विसरतात.

हौसेने गिटार बनवण्याचा विषय निघाला की मला ब्रायन मे आठवतो. 'क्वीन' या प्रसिद्ध वाद्यवृंदाचा हा गिटारवादक. १९६३ साली, सोळाव्या वर्षी, त्याने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या, आणि स्वर हलवण्याच्या दांड्याला आईच्या विणकामाच्या सुईचे टोक! पिकअपही त्याने स्वतः गुंडाळले, पण तार बाजूला ओढली की विचित्र आवाज येई. शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव त्याने उत्तर-दक्षिण असे आलटून पालटून ठेवले होते. तार एकावरून दुसऱ्याकडे सरकताना मध्ये तिचे चुंबकत्व उलटे होई. शेवटी त्याने बर्न्स कंपनीचे तयार पिकअप आणून बसवले. त्याच गिटारवर तो पुढे जगभर वाजवत फिरला. भौतिकीतील पीएच.डी. संगीतासाठी अर्धवट सोडली होती, ती २००७ साली पूर्ण केली. विषय होता सूर्यमालेतील धूळ.

संग्राहकांचे जग निराळे. लव्हर यांच्या पेटंटचा निकाल लागण्यापूर्वी पिकअपवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिकटपट्टी लावत. ती असलेल्या, १९५८ ते १९६० सालच्या 'लेस पॉल' गिटारींना आज प्रचंड किंमत येते. एक पिकअप बदललेला असला की ती घसरते. उलट एरिक क्लॅप्टनने १९७० साली जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर घेऊन, त्यांतल्या तिघींचे भाग जोडून 'ब्लॅकी' तयार केली. ती २००४ सालच्या लिलावात ९,५९,५०० डॉलरना गेली. म्हणजे संग्राहकाची किंमत आणि आवाजाचा गुण ही दोन वेगळी मापे आहेत, आणि पहिले मोजणारे उपकरण आमच्या प्रयोगशाळेत नाही. तरीसुद्धा गिटारमधून काढलेला कोणताही मूळ भाग पाकिटात घालून, वर तारीख लिहून ठेवावा. आमच्या विद्यार्थ्याने कापलेल्या पिनेचा प्लगही ठेवला आहे.

आता एक प्रश्न. लव्हर यांच्या पिकअपमध्ये दुसऱ्या वेटोळ्याची फक्त गुंडाळी उलटी केली आणि चुंबक तसाच ठेवला, तर काय होईल? वरच्यासारखी चिन्हे मांडून बेरीज करा. उत्तर शून्य येईल. पण प्रत्यक्षात कानाला बारीक, तिखट आवाज ऐकू येतोच. तो का येत असेल? दोन वेटोळी तारेच्या नेमक्या कोणत्या भागांखाली आहेत, याचे चित्र काढून पाहा.