स्मृती : संज्ञा एक, व्यापार अनेक

‘हल्ली काही लक्षात राहत नाही,’ ही तक्रार विद्यार्थ्यांपासून वृद्धांपर्यंत सर्वच रुग्णांकडून ऐकावयास मिळते. अशा वेळी एखादा मेध्य कल्प लिहून देणे सोपे असते. परंतु नेमके काय बिघडले आहे, याचा निश्चय केल्याविना केलेली औषधयोजना ही चिकित्सा नव्हे. या दृष्टीने निरनिराळ्या शास्त्रांतील स्मृतिविषयक संशोधन उद्बोधक आहे.

मानसशास्त्र : हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचे मापन केले व ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विस्मरण प्रारंभीच्या काही तासांत वेगाने होते, पुढे मंदावते. पुनरावृत्तीने ते रोखता येते, असे त्यास आढळले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलेल्या स्मृतीच्या आठ कारणांत अभ्यास व पुनःश्रुत यांचा समावेश आहे, हे येथे लक्षणीय होय.

मज्जासंस्थाशास्त्र : १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या अपस्मारग्रस्ताच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग शस्त्रकर्माने काढण्यात आला. त्यानंतर बुद्धी व बालपणीच्या आठवणी शाबूत राहिल्या. नवी घटना मात्र स्मरणात टिकेना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवावयास दिली. सरावाने हात सुधारत गेला, पण आपण हे पूर्वी केले आहे, हे त्यांना आठवत नसे. घटनांची स्मृती व कौशल्याची स्मृती भिन्न आहेत, हे यावरून स्पष्ट झाले.

जीवशास्त्र : ॲप्लिशिया या समुद्री गोगलगाईवर संशोधन करणाऱ्या एरिक कँडल यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अल्पकालीन स्मृतीत चेतापेशींमधील जोडांचे कार्य तात्पुरते बदलते. दीर्घकालीन स्मृतीसाठी मात्र नवी प्रथिने व नवे जोड निर्माण व्हावे लागतात, असे त्यांनी दाखविले.

औषधिशास्त्र : ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वर्षे वयाच्या ७६ व्यक्तींवर झालेला ब्राह्मीचा तीन महिन्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकण्याचा वेग वाढला नाही. नव्याने शिकलेल्याचे विस्मरण मात्र कमी झाले. म्हणजे परिणाम ग्रहणावर नव्हे, तर धारणेवर दिसला. हा अभ्यास स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील नव्हता, हेही ध्यानी ठेवावे.

चिकित्सालयात उपयोग : प्रश्नपरीक्षेत ग्रहण, धारण व स्मरण यांचा पृथक् विचार करावा.

१) निद्रानाश, चिंता वा विषाद असता लक्षच लागत नाही, दोष ग्रहणाचा असतो. तेथे प्रथम निद्रा व मन यांकडे पाहावे.

२) नाव उशिरा आठवणे हा स्मरणातील विलंब असून वाढत्या वयात तो बहुधा आढळतो.

३) जुने सर्व आठवते, पण सकाळचे भोजन आठवत नाही, हे धारणेचे वैगुण्य अधिक गंभीर होय. अशा रुग्णास आपले विस्मरणही लक्षात राहत नाही. म्हणून नातेवाइकांना अवश्य विचारावे.

जीवनसत्त्व बी-१२ व थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. बी-१२ ची न्यूनता वेळीच न ओळखल्यास मज्जासंस्थेची हानी कायमची होऊ शकते. अकस्मात झालेल्या विस्मरणात वा संभ्रमात रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. ब्राह्मीची योजना निदानानंतर करावी, निदानाऐवजी नव्हे.