लीळेचे प्रतिपाद्य कसे ओळखावे?

‘या लीळेतून काय घ्यावे?’ हा प्रश्न मलकापूर येथील वाचनात वासनिक मंडळी नेहमी विचारतात. उत्तरही लगेच येते. परंतु ते बहुधा लीळेतील पहिल्या लक्षवेधक प्रसंगावरून घेतलेले असते. प्रतिपाद्य असे हाती लागत नाही.

दृष्टांतपाठात ही अडचण फारशी येत नाही. केसोबासांनी तेथे दृष्टांत हा सूत्र व दार्ष्टांतिक यांच्या मध्ये ठेवला आहे. सूत्र विषय सांगते, दार्ष्टांतिक कथेतील कोणती गोष्ट कशासाठी आली ते उलगडते. जात्यंधांनी हत्ती चाचपला. पाय लागला त्याला तो खांब वाटला, कान लागला त्याला सूप, आणि त्यांचे भांडण जुंपले. येथेच थांबल्यास ‘मते भिन्न असतात’ एवढाच बोध उरेल. परंतु अखंड हत्ती पाहणारा डोळस तेथे आहे, हे त्या कथेचे मर्मस्थान होय. तो वगळला की दृष्टांत मोडतो.

म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात असे दार्ष्टांतिक जोडलेले नाही. ते काम वाचकाचे आहे. सशाच्या रक्षणाची लीळा पाहू. कुत्र्यांच्या भयाने पळणारा ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या जानूखाली येऊन दडतो. पारधी मागोमाग येतात व ससा मागतात. हा पैजेचा ससा आहे, याच्यावरून सुऱ्या निघण्याची वेळ आली होती, असे ते विनवतात. स्वामी शरण आलेल्याला देत नाहीत. मग रानातले गवतपाणी घेऊन राहणाऱ्या या जीवांना का मारावे, असे निरूपण करतात. पारधी यापुढे न मारण्याचे कबूल करतात. त्यानंतर सशाला मोकळे केले जाते.

‘दया’ हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ससा वाचणे एवढेच सांगावयाचे असते तर नकारापाशीच लीळा संपली असती. निरूपण व पारध्यांचे वचन हा उत्तरार्ध मग कशासाठी? सशाचे भय कुत्र्यांपुरते नव्हते, ते मारणाऱ्यांच्या मनात होते. ते तेथून निघेपर्यंत शरणागताचे रक्षण पुरे होत नाही. म्हणून लीळेचे वळण पारध्यांच्या वचनात आहे, सशाच्या धावण्यात नाही.

पैजेचा तपशील कथा सांगताना हटकून गाळला जातो. तो गाळू नये. पारधी भुकेपोटी आलेले नाहीत, पणाला लागलेली प्रतिष्ठा घेऊन आलेले आहेत. ससा देऊन टाकला असता तर माणसांमधील तंटा मिटला असता; एवढे वजन दुसऱ्या पारड्यात असताना शरण आलेला दिला गेला नाही. हे ध्यानात घेतल्यावाचून नकाराची किंमत कळत नाही.

याच तालुक्यातील नरवेल येथे १९०८ साली जन्मलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांचे लीळाचरित्राचे संपादन १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यातील काही भागांविषयी पंथात तीव्र आक्षेप घेतले गेले, हे सर्वश्रुत आहे. तथापि पोथीपोथीतील पाठ ताडून पाहण्याची शिस्त प्रत्येक अभ्यासकाने अंगी बाणवावी. प्रसंगांचा क्रम निश्चित नसेल तर वळण कोठे आहे हे कशावरून ठरवणार?

लीळेतील एकेक प्रसंग मनाने बाजूला काढून पाहावा आणि काय ढासळते ते टिपावे. एक प्रसंग मुद्दाम न उलगडता ठेवला आहे. निरोप देताना स्वामी सशाला ‘महात्मा’ असे आदराने संबोधतात. हे संबोधन काढले तर लीळेतून काय जाते, ते पुढील पाठापूर्वी लिहून आणावे.