इंग्रजीत सूचना कशी मांडावी, मत कसे विचारावे?

सभेत वा पत्रव्यवहारात इंग्रजी वापरताना शब्द बरोबर असूनही सूर चुकतो आणि सूचनेचा हुकूम होतो. आपल्या ‘जाऊ या’साठी ‘लेट अस गो’, तर ‘जाऊ या का?’साठी ‘शॅल वुई गो?’ म्हणावे. ‘व्हाय डोन्ट वुई मीट टुमॉरो?’ हे वाक्य कारण विचारीत नाही; ‘उद्या भेटलो तर?’ एवढेच सुचविते. ‘आय सजेस्ट टु गो’ हा प्रयोग अशुद्ध. ‘आय सजेस्ट दॅट वुई गो’ हा शुद्ध होय.

‘यू हॅड बेटर’ फार जपून वापरावे. ‘बेटर’मुळे ते सौम्य भासते, परंतु ‘न केल्यास परिणाम भोगाल’ अशी ताकीद त्यात दडलेली असते. वरिष्ठांस वा ग्रामस्थांस उद्देशून ते योजू नये.

‘तुम्हांस कसे वाटते?’ यावरून ‘हाऊ डू यू थिंक?’ म्हणण्याचा मोह होतो. योग्य प्रश्न ‘व्हॉट डू यू थिंक?’ हा आहे. ‘डोन्ट यू अ‍ॅग्री?’ या प्रश्नात होकार गृहीतच असतो. ज्यास खरोखर मत हवे, त्याने नकारालाही जागा ठेवावी. ग्रामसभेत प्रश्न कोणत्याही भाषेत विचारला, तरी हे पथ्य पाळणे अगत्याचे आहे.