तिकिटाच्या खिडकीतला नायक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सकाळी तास आणि संध्याकाळी शिरवळच्या हमरस्त्यावरील एका हॉटेलात गल्ला, असा माझा दिनक्रम आहे. गेल्या पावसाळ्यात आमचे एक प्राध्यापक सहकुटुंब तेथे आले, तेव्हा मी बिलबुकात मान घालून बसलो. त्यांनी ओळखले की नाही, ते त्यांनाच ठाऊक. त्याच आठवड्यात मराठी विनोदी नटांवर टिपण लिहिण्यासाठी मी ग्रंथालयात बसलो आणि राजा गोसावी भेटले.

गोसावी आपल्याच जिल्ह्याचे. खटाव तालुक्यातील सिद्धेश्वर कुरोली येथे १९२५ साली त्यांचा जन्म झाला. नट व्हायचे म्हणून ते घराबाहेर पडले आणि मास्टर विनायकांच्या घरी गडी म्हणून राहिले. पुढे चित्रसंस्थेत सुतारकाम, रंगभूषा, गर्दीतला नट अशी पडेल ती कामे केली. नाटक मंडळीत प्रॉम्प्टर झाले. दुसऱ्याची वाक्ये विंगेतून पुरवायची आणि टाळी मात्र त्याने घ्यायची, हे काम सोपे नव्हे! परंतु विनोदाला लागणारी अचूक वेळ त्यांना तेथेच साधली असावी, असे मला वाटते.

१९५२ साली राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ पडद्यावर आला. लेखन ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. दोन कफल्लक मित्रांना एका धनिकाकडून लाख रुपये मिळतात, ते महिन्याभरात उडवायचे अशी अट असते. पण उडवू म्हणता पैसा वाढतच जातो. लिहिणारा माणदेशचा, नायक खटावचा. दोघेही दुष्काळी मुलखातले. लाख रुपये एकरकमी कसे दिसतात हे तिकडे कोणी पाहिले होते?

त्या वेळी गोसावी पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटे विकत होते. चित्रपट तेथेच लागला आणि नायक खिडकीत बसून स्वतःच्याच चित्रपटाची तिकिटे फाडू लागला. लोक पडद्याआधी खिडकीकडे पाहत, असे सांगतात. त्यांनी खिडकी बंद करून घेतली नाही, एवढे मला पुरे झाले.

त्यांनी पुढे कितीतरी चित्रपट केले. पण मला महत्त्वाचे वाटते ते रंगभूमीवरील काम. ‘एकच प्याला’मधला तळीराम आणि ‘सौजन्याची ऐशी तैशी’मधला भांडकुदळ गृहस्थ एकाच नटाने करावेत, याचे नवल वाटते. १९९८ साली ते गेले. माझा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला, त्यामुळे त्यांचे नाटक पाहणे नशिबी नव्हते. ‘लाखाची गोष्ट’ मात्र मी मोबाइलवर पाहिला, तोही गल्ल्यावर बसून. वडील शेजारी होते. ते एरवी हसत नाहीत. त्या रात्री हसता हसता त्यांना ठसका लागला.

परवा तेच प्राध्यापक पुन्हा आले. मी उठून नमस्कार केला आणि सुटे पैसे मोजून दिले.