वहिनी, टेन्शन घेऊ नका

हे वाक्य मी सतरा दिवसांत तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा त्याच खुर्चीतून, मोबाइलवरची नजर न काढता. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा माझं वजन पाच किलोंनी उतरलं होतं, ब्लाउज खांद्यावरून घसरत होते आणि घर ते दवाखाना या रस्त्यात ओळखीची संडासाची सोय कुठे कुठे आहे याचा हिशेब करून मी घराबाहेर पडले होते. हिशेब हेच माझं काम. पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं तेच करते.

मार्च एंडिंग म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. त्यात घसा धरला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या घेतल्या, बरं वाटलं. दहा-बारा दिवसांनी पुन्हा घसा. तेव्हा दवाखान्यात बसायला वेळ कुणाला होता? मीच मेडिकलमध्ये जाऊन ‘मागच्याच द्या’ म्हणाले आणि सहा गोळ्या आणल्या. ही चूक माझी, कबूल. पण कोण नाही आणत? आणि देणाऱ्यानं चिठ्ठी मागितली का? सेफिक्झिमसारखी औषधं मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, विकली की वेगळ्या वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं, असा नियम आहे. त्या पोरानं वही तर सोडाच, कात्रीनं कचकन स्ट्रिप कापली आणि हातात दिली. ही कात्री लक्षात ठेवा.

गोळ्या संपून चार दिवस झाले आणि जुलाब लागले. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी बाधलं. साबुदाण्याची पेज झाली, जायफळ उगाळून झालं, ताक झालं. दिवसाला दहा-दहा वेळा, नुसतं पाणी, पोटात पिळवटून कळा आणि वास असा की मलाच माझी लाज वाटावी. चौथ्या दिवशी दवाखाना गाठला.

‘‘मार्च आहे ना? मग टेन्शनच. पोटावर निघतं. वहिनी, टेन्शन घेऊ नका.’’ जुलाब थांबवायची गोळी आणि दह्यातल्या जिवाणूंच्या पुड्या मिळाल्या. दुसऱ्या खेपेला ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी, म्हणजे आणखी अँटिबायोटिक. दोन दिवस उतार पडला आणि मग दुप्पट जोरानं सुरू. तिसऱ्या खेपेला अंगात तापही होता. तेव्हा ते मला नाही, माझ्या मिस्टरांना म्हणाले, ‘‘या वयात बायकांचं असं होतं. झोपेची गोळी लिहून देऊ का?’’ मी समोर बसले होते हो! जुलाब मला होत होते, त्यांना नाही.

लेक पुण्याहून आली आणि मला उचलून मिरजेला घेऊन गेली. तिथल्या पोटाच्या डॉक्टर तरुण, माझ्या लेकीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्यांनी पोट दाबून पाहायच्या आधी एक प्रश्न विचारला : ‘‘मावशी, गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक कुठलं घेतलंत?’’

मी पर्स उपसली. रिकामी स्ट्रिप सापडली, पण कात्री नेमकी नावावरून गेलेली. उरलं होतं ‘क्झिम २००’ आणि बाजूला तांबड्या रेघेचा बोटभर तुकडा. त्या तुकड्याकडे मी किती वेळ बघत होते, सांगता येत नाही. तीन फेऱ्या, सतरा दिवस, आणि हा एक प्रश्न तिकडे कुणी विचारला नव्हता. विचारायला काय लागतं? फी तर घेतातच.

ताज्या शौचाचा नमुना दिला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचं विष सापडलं. डिफिसिल म्हणजे लॅटिनमध्ये अवघड. १९३५ मध्ये हा जंतू तान्ह्या, धडधाकट बाळांच्या शीमध्ये सापडला आणि प्रयोगशाळेत वाढवायला अवघड गेला, म्हणून हे नाव. अँटिबायोटिकनंतरच्या आतड्याच्या गंभीर सुजेमागे हाच आहे, हे १९७८ मध्ये उघड झालं. १९७८! आमचे डॉक्टर तेव्हा हाफपँटीत शाळेत जात असतील. म्हणजे ते शिकायला गेले तेव्हा हे पुस्तकात छापलेलं होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून समजावलं. आपल्या यकृतातून पित्ताम्लं आतड्यात येतात (आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो ते हे नव्हे). आतड्यातले चांगले जिवाणू त्यांचं रूप पालटतात आणि ते पालटलेलं रूप या जंतूला वाढू देत नाही. अँटिबायोटिक घशातल्या जंतूंबरोबर या राखणदारांनाही मारतं. मग न पालटलेली पित्ताम्लं साचतात आणि या जंतूची सुप्त बीजं, म्हणजे स्पोअर्स, त्यांच्यावरच उगवतात. राखणदार गेला की शेतात गुरं शिरतात, तसंच. वर मी वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेत होते. अशा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्येही हा आजार जास्त दिसतो म्हणे.

आणि हे राखणदार चार दिवसांत परत येत नाहीत. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जबर अँटिबायोटिक्स दिली, त्याचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. दीड महिन्यात बरीचशी घडी बसली. पण आधी सगळ्यांकडे असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनीही बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत.

आता टेन्शनचं. मला राग याचा येतो की आमचे डॉक्टर साफ खोटं बोलत नव्हते. ताणाचा आणि या जिवाणूंचा संबंध आहेच. ताणात शरीर नॉरअॅड्रेनलिन सोडतं आणि ते मिळालं की आतड्यातले काही जंतू प्रयोगशाळेत कितीतरी जोमानं वाढतात, हे १९९२ मध्येच दाखवलं गेलंय. उलट बाजूनं, आतड्यात एकही जिवाणू नसलेले उंदीर कोंडले की नेहमीच्या उंदरांपेक्षा त्यांच्यात ताणाची संप्रेरकं जास्त वाढतात, हे जपानमधल्या क्यूशू विद्यापीठाच्या लोकांनी २००४ मध्ये दाखवलं. म्हणजे मार्चनं माझं पोट नाजूक केलं असेलही. पण माझ्या शौचात विष होतं, आणि ते टेन्शननं तयार केलेलं नव्हतं. अर्धं खरं सांगून तपासणी टाळायची, याला वैद्यकी म्हणत नाहीत. आमच्याकडे ऑडिटर असं वागला तर त्याला दुसऱ्या वर्षी बोलावत नाहीत.

उपचार पुन्हा अँटिबायोटिकचाच, हसू नका : व्हॅन्कोमायसिन १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस. पोटातून घ्यायचं, कारण शिरेतून दिलेलं आतड्याच्या आत पुरेसं पोचत नाही.

तुम्हाला सांगायचं ते असं. अँटिबायोटिक घेताना किंवा नंतरच्या तीन महिन्यांत दिवसाला तीन किंवा जास्त पातळ जुलाब झाले, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, तुम्हीच औषधाचं नाव सांगा. त्यासाठी स्ट्रिप नाव दिसेल अशी कापून मागा, नाहीतर फोटो काढून ठेवा. जुलाब थांबवायची गोळी अशा वेळी मनानं घेऊ नका, विष आतच कोंडतं. घरात कुणाला हे झालं तर हात साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुवा; सॅनिटायझरनं या स्पोअर्सना काही होत नाही. माझ्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली वर्षभर असायची आणि मी किती निर्धास्त होते! संडास ब्लीचनं धुवावा लागतो. सासूबाई ऐंशीच्या, म्हणून आम्ही त्यांचं न्हाणीघरच वेगळं केलं.

पुड्यांच्या भरवशावर राहू नका. २०१८ मध्येच इस्रायलच्या संशोधकांना आढळलं की अँटिबायोटिकनंतर अशा जिवाणूंच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे रहिवासी उलट उशिरा परतले. अभ्यास लहान होता, पण पुडीचे पैसे लहान नव्हते. ताक प्या, चव छान असते. बाकी झोप घ्या, भाज्या-कडधान्यं खा, पाणी प्या, हे तुम्हाला माहीतच आहे. पाचातल्या एकाला हे दुखणं उलटतं, त्यामुळे बरं वाटलं तरी दोन महिने पोटाकडे लक्ष असू द्या.

जूनमध्ये मी मिरजेचा रिपोर्ट घेऊन मुद्दाम आमच्या दवाखान्यात गेले. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, म्हणाले, ‘‘हां, हे रेअर असतं,’’ आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तीन वेळची फी सहाशे रुपये, पावती एकाही वेळची नाही.