समुपदेशन : व्यक्तीचे आणि कुटुंबाचे

'याला दोन समजुतीच्या गोष्टी सांगा', असे म्हणून अनेक नातेवाईक रुग्णास समुपदेशकाकडे घेऊन येतात. समुपदेशन म्हणजे शहाण्या माणसाचा सल्ला, ही समजूत त्यामागे असते. वस्तुतः सल्ला हा या कामाचा सर्वांत लहान भाग होय. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उपदेशाऐवजी ऐकून घेण्यास मध्यवर्ती स्थान दिले. आपली वाट शोधण्याची शक्ती व्यक्तीमध्येच असते, ही त्यामागील भूमिका.

या व्यवसायात येणारे बहुधा मानसशास्त्र किंवा समाजकार्य या दोन शाखांतून येतात. समाजकार्याची वाट मुंबईस जुनी आहे. आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा आरंभ १९३६ सालचा. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक असते. पदव्या आवश्यक आहेतच. तथापि अनुभवी ज्येष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत घालविलेले तास अधिक मोलाचे ठरतात, असे आमचे मत आहे.

कुटुंबास उपचारात सामील करून घेण्याचा विचार आपल्याकडे परदेशातून आला, असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसमवेत राहावयास बोलाविले. पुढे वेल्लोर येथेही रुग्णासोबत कुटुंबीयांनी राहण्याची पद्धत रूढ झाली. मनुष्यबळाची उणीव हे त्यामागील एक कारण खरे. परंतु शुश्रूषा करता करता नातेवाईक आजार समजून घेऊ लागले, हा लाभ मोठा होता.

ही समज का महत्त्वाची, याचे उत्तर संशोधनातून मिळते. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण ज्या घरी परततो तेथे सतत टीका, चीड किंवा अतिरेकी काळजी असेल, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असे लंडनमधील जॉर्ज ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चंदीगड येथील अभ्यासात असे टीकाखोर वातावरण लंडनच्या तुलनेत कमी घरांत, आणि खेड्यांत तर शहराहूनही कमी दिसले. म्हणून समुपदेशक कुटुंबाला दोष देत नाही. 'हा आळशी झाला आहे' असे वडील म्हणतात, तेव्हा अंथरुणातून न उठणे हेही आजाराचेच लक्षण असू शकते, एवढे तो समजावून देतो. गोळ्यांवरून रोज होणारा वाद थांबविण्यासाठी त्या कोणी व केव्हा द्यावयाच्या हे घरातील सर्वांसमक्ष ठरविले जाते. कामे लहान दिसतात. त्यांना कित्येक भेटी लागतात.

खरा पेच निराळाच आहे. मुलगा एकट्याने बोलून बाहेर येतो आणि आई विचारते, "मॅडम, आत काय म्हणाला तो?" ही विचारणा मायेपोटीच असते. रात्र रात्र तिने जागून काढलेली असते. परंतु बोललेले घरी पोहोचते असे एकदा मुलास वाटले, की पुढील भेटीत तो गप्प बसतो. यास्तव गोपनीयतेचा नियम पहिल्याच भेटीत उभयतांसमोर सांगावा लागतो. कोणाच्या जिवास धोका असल्यास तो मोडावा लागेल, हेही तेव्हाच सांगावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

त्याच कायद्यान्वये सज्ञान व्यक्तीस आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे असे बंधन नाही. एखादा मुलगा आईवडिलांऐवजी मामाचे किंवा मित्राचे नाव सांगतो. आईवडिलांना ते लागते. मग ठरलेला विषय बाजूला ठेवून ती सबंध भेट त्यांच्यासाठीच द्यावी लागते.