पितळी कडे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील क्रीडोद्यानांतून लाकडी घोड्यांची फिरती चक्रे फार लोकप्रिय होती. चक्र फिरू लागले, की बाहेरच्या रांगेतील घोड्यांवर बसलेली मुले एका हाताने घोड्याचा दांडा घट्ट धरीत आणि दुसरा हात लांब करून बाजूच्या खांबावरील कडे ओढून घेत. यांतील बहुतेक कडी लोखंडाची असत; क्वचित एखादे पितळेचे असे. ज्याच्या हाती हे पितळी कडे येई, त्याला पुढची फेरी विनामूल्य मिळे. या साध्या खेळाचे नाव पुढे एका मोठ्या पारितोषिकाला मिळाले.

मनोरंजन उद्यानांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिची स्थापना १९१८ साली झाली असून ‘आयापा’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. उद्यानांसाठी तयार होणाऱ्या उत्कृष्ट नव्या खेळांना ही संघटना जी पारितोषिके देते, त्यांना ‘ब्रास रिंग’, म्हणजे पितळी कडे, असेच नाव आहे. ‘अम्यूझमेंट टुडे’ या अमेरिकन नियतकालिकाने १९९८ साली ‘गोल्डन तिकीट’ नावाची निराळी पारितोषिके सुरू केली. अनेक उद्याने पाहिलेल्या जाणत्या लोकांची मते मागवून ती दिली जातात. उत्तम उद्यान कोणते, असे प्रश्न त्यांत असतात. पण लोकांना विशेष कुतूहल असते ते त्या वर्षीच्या उत्तम नव्या खेळाविषयी.

अशा पारितोषिकाने खेळ रचणाऱ्याचा गौरव होतो आणि उद्यानाकडे लोकांची रीघ लागते. त्यामुळे सर्वांहून उंच, सर्वांहून वेगवान असे काही करून दाखवावे, अशी ईर्षा कारागिरांत उत्पन्न होते. ईर्षेवाचून प्रगती नाही, हे खरे. परंतु उंची दोरीने मोजता येते, वेग घड्याळाने मोजता येतो. खेळाची सुरक्षितता मात्र अशी एका दिवसात मोजता येत नाही. मग नव्या खेळाचा खरा गुण ओळखावा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दोन खेळांच्या कथा उपयोगी पडतील.

पहिली कथा रोलर कोस्टरची आहे. उंचावर नेऊन सोडलेली गाडी केवळ स्वतःच्या वजनाच्या जोरावर रुळांवरून चढउतार करीत धावते, तिला रोलर कोस्टर म्हणतात. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड नावाचे समुद्रकाठचे स्थळ आहे. तेथे १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन याने अशी गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर, म्हणजे धावणाऱ्या मुलाइतकाच होता. तरीही तिच्यात बसण्यासाठी लोक गर्दी करीत. लवकरच चढउतारांनी लोकांचे समाधान होईना. गाडीने उभा फेरा घ्यावा, प्रवासी क्षणभर डोके खाली व पाय वर अशा स्थितीत जावेत, अशी कल्पना पुढे आली.

१८९५ साली कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी उभी राहिली. तिच्या मार्गात अवघ्या २५ फूट व्यासाचा उभा फेरा होता आणि तो अगदी कंपासने काढल्यासारखा वाटोळा होता. डोळ्यांना तो सुंदर दिसे. शरीराला मात्र तो सोसवत नसे. प्रवाशांच्या माना आणि पाठी दुखावत. असे का व्हावे? सरळ जाणारी मोटार एकाएकी वळली, की आत बसलेला मनुष्य एका बाजूला रेटला जातो. वेग जितका अधिक आणि वळण जितके आखूड, तितका हा रेटा मोठा. उभ्या फेऱ्याच्या तळाशी गाडीचा वेग सर्वाधिक असतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी सरळ रूळ एकदम आखूड वर्तुळात शिरत असे. त्या क्षणी प्रवाशाला आपले वजन सुमारे बारा पट झाल्यासारखे वाटे, असे सांगतात. तीस किलो वजनाच्या मुलाला आपण तीनशे साठ किलोंचे झालो, असे वाटावे, हा प्रसंग काही गमतीचा नव्हे! काही वर्षांतच ती गाडी बंद पडली.

१९०१ साली एडविन प्रेस्कॉट याने तेथेच दुसरी गाडी उभारली. तिचा फेरा लंबगोल होता आणि त्यामुळे प्रवाशांना त्रास कमी होई. परंतु एका वेळी अवघे चार प्रवासी बसत. तिकिटांच्या उत्पन्नातून खर्च भागेना, आणि तीही गाडी काही वर्षांनी नाहीशी झाली. त्यानंतर अनेक दशके उभ्या फेऱ्याच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही.

हे कोडे सुटले ते जर्मनीत. आंटोन श्वार्त्सकोफ हा गाड्या बांधणारा कुशल कारागीर होता आणि वेर्नर श्टेंगेल हा गणितात निष्णात असलेला अभियंता होता. श्टेंगेलने वर्तुळाचा मोह सोडला. रेल्वेचा मार्ग सरळ रेषेतून वळणावर जातो, तेव्हा तो एकदम वळत नाही. वळण हळूहळू आखूड होत जाते, हे अभियंत्यांना ठाऊकच होते. अशा वक्ररेषेला क्लोथॉइड म्हणतात. हेच तत्त्व त्याने उभ्या फेऱ्याला लावले. तळाशी, जेथे वेग अधिक, तेथे वळण विशाल ठेवले. माथ्याशी, जेथे वेग कमी, तेथे ते आखूड केले. फेऱ्याचा आकार उलट्या धरलेल्या थेंबासारखा झाला आणि शरीरावरील भार बेताचा राहिला. ८ मे १९७६ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ‘मॅजिक माउंटन’ या उद्यानात ‘रेव्होल्यूशन’ नावाची गाडी सुरू झाली. तिच्या सुमारे ९० फूट उंच फेऱ्यातून लोक आनंदाने ओरडत गेले आणि धडधाकट उतरले. आज जगभरच्या रोलर कोस्टरांतून जे उभे फेरे दिसतात, त्यांचा हा मूळपुरुष होय.

दुसरी कथा पाण्याच्या घसरगुंडीची आहे, आणि ती दुःखद आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील एका जलोद्यानात जगातील सर्वांत उंच घसरगुंडी बांधण्याचा संकल्प झाला. तिचे नाव ठेवले ‘फेररुक्ट’. या जर्मन शब्दाचा अर्थ ‘वेडा’ असा आहे. तिची उंची १६८ फूट ७ इंच होती. रबरी तराफ्यात तिघांनी बसायचे, कड्यावरून कोसळल्यासारखे खाली यायचे आणि त्याच वेगाने पुढच्या उंचवट्यावर चढायचे, अशी तिची रचना होती. चाचणीच्या वेळी वाळूच्या पिशव्या भरलेले तराफे हवेत उडाले. बांधकामात फेरफार करावे लागले आणि उद्‌घाटनाचा दिवस पुढे पुढे जात राहिला. अखेर जुलै २०१४ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. त्याच वर्षी उत्तम नव्या जलक्रीडेचे ‘गोल्डन तिकीट’ तिला मिळाले. जगातील सर्वांत उंच घसरगुंडी म्हणून विक्रमांच्या नोंदीतही तिचे नाव चढले.

७ ऑगस्ट २०१६ रोजी एक तराफा त्या उंचवट्यावरून उडाला आणि दहा वर्षांच्या एका मुलाचा प्राण गेला. घसरगुंडी तत्काळ बंद करण्यात आली. आखणीत आवश्यक ते गणित झालेच नव्हते, असा आरोप ठेवून सरकारने खटले भरले. पुरावा मांडण्याची रीत अयोग्य ठरल्याने न्यायालयाने २०१९ साली ते काढून टाकले. परंतु कॅन्सस राज्याने २०१७ सालीच अशा खेळांच्या तपासणीचे नियम कडक केले होते, आणि २०१८ साली ती घसरगुंडी पाडून टाकण्यात आली. पारितोषिक देणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांपुढील नवलाई पाहिली होती. त्या नवलाईच्या पोटात काय आहे, हे त्यांना दिसले नव्हते. लाकडी घोड्यावरील मूल कड्यासाठी हात लांब करी, तेव्हा त्याचा दुसरा हात दांड्यावर घट्ट असे. येथे दोन्ही हात कड्याकडेच धावले.

भीतीचा आनंद घेण्यासाठी माणसे उंच पाळण्यात बसतात. हा आनंद एका विश्वासावर उभा असतो. रूळ, चाके, पट्टे आणि आकडे कोणीतरी पुन्हा पुन्हा तपासले आहेत, असे बसणारा गृहीत धरतो. खेळ रचणाऱ्याने ज्याची काळजी वाहिली, त्याची काळजी बसणाऱ्याला करावी लागत नाही. म्हणून नव्या खेळाची थोरवी त्याच्या उंचीपेक्षा त्यामागील काळजीवरून ठरवावी, हेच योग्य.

अशा गुणाचा गौरव सावकाश होतो. ‘रेव्होल्यूशन’ ही गाडी सुरू होऊन सव्वीस वर्षे झाल्यावर, २००२ साली, रोलर कोस्टरप्रेमींच्या अमेरिकन संस्थेने तिला ऐतिहासिक महत्त्वाची म्हणून मानचिन्ह दिले. श्टेंगेलला स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाने २००५ साली सन्माननीय डॉक्टर ही पदवी अर्पण केली. तोवर त्याने आखलेल्या वक्ररेषेवरून असंख्य मुले उलटी होऊन, हसत हसत, सुखरूप घरी गेली होती.

शब्दार्थ
रीघ – सतत चालणारी ये-जा, गर्दी. ईर्षा – चढाओढीची तीव्र इच्छा. निष्णात – पारंगत. मूळपुरुष – ज्याच्यापासून वंश सुरू होतो तो. तराफा – पाण्यावर तरंगणारे सपाट साधन. नवलाई – नवेपणाचे आकर्षण. थोरवी – मोठेपणा.

स्वाध्याय
१. ‘ब्रास रिंग’ या पारितोषिकाचे नाव कोणत्या खेळावरून पडले?
२. कारणे द्या : (अ) ‘फ्लिप फ्लॅप’मध्ये बसणाऱ्यांच्या माना दुखावत. (आ) प्रेस्कॉटची गाडी फार काळ चालली नाही.
३. वाटोळा फेरा आणि श्टेंगेलने आखलेला फेरा यांच्या आकृत्या काढून त्यांतील फरक चार-पाच वाक्यांत सांगा.
४. ‘येथे दोन्ही हात कड्याकडेच धावले’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
५. नव्या खेळाला पारितोषिक द्यायचे झाल्यास तुम्ही कोणत्या तीन गोष्टी पाहाल? सकारण लिहा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : रीघ लागणे, गृहीत धरणे, काळजी वाहणे.